दूरची पेटी आणि घरचें दप्तर

पत्र लिहिणाऱ्याचे समाजावर जितके उपकार असतात, तितकेच तें जपून ठेवणाऱ्याचेही असतात. किंबहुना कालांतरानें दुसऱ्याचेच अधिक ठरतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां पानिपतच्या काळचीं पत्रें महाराष्ट्रीय वाचकांच्या हातीं पडलीं. पुढें रियासतकार गो. स. सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग संपादिले. तीं पत्रें ज्यांनीं लिहिलीं ते वकील, सरदार व कारकून केव्हांच दिवंगत झाले होते. परंतु कोणीतरी तीं रुमालांत बांधून ठेविलीं होतीं, म्हणून तो इतिहास आपणांस केवळ ऐकीव गोष्टींवर विसंबून लिहावा लागत नाहीं. ज्या घरांत दप्तर राखण्याची चाल नव्हती, त्या घरांतील पत्रें गेलीं आणि त्यांबरोबर त्या घराची बाजूही गेली.

आजचीं पत्रें बहुधा कागदावर येत नाहींत. शाळेकडे येणारीं शिक्षण खात्याचीं परिपत्रकें, पतपेढीस येणारे हिशेबतपासनिसाचे प्रश्न, वकिलास येणारे अशिलाचे कागद, दवाखान्यास येणारे तपासणीचे अहवाल, असें पुष्कळसें टपाल आतां ई-मेलनें येतें. तें येऊन पडतें कोठें? तर शेंकडों कोस दूर असलेल्या व आपण कधींही न पाहिलेल्या अशा एखाद्या मोठ्या कंपनीच्या संगणकांत. आपण तेथें जातों, पत्र वाचतों आणि परत येतों. पत्र मात्र तेथेंच राहतें. या व्यवस्थेंत सोय पुष्कळ आहे, हें आम्हांस मान्य आहे. तथापि आमचें मत असें कीं, प्रत्येक लहान कचेरीनें आपलें टपाल त्या दूरच्या पेटींतून उचलून आपल्या कचेरींतील लहानशा सर्व्हरवर नियमानें आणावें आणि तेथें त्याचें नीट दप्तर ठेवावें. हें मत आम्ही कां धरितों, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजेल अशा रीतीनें येथें मांडण्याचा विचार आहे.

प्रथम ही पेटी दूर कां गेली, तें पाहूं. जाळ्यानें जोडलेल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडण्याची युक्ति रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनियरानें १९७१ सालीं साधली. नांव व ठिकाण यांच्यामध्यें जें ‘ॲट’चें वाटोळें चिन्ह आपण घालतों, तें त्याच्याच योजनेचें. पुढें १९८२ सालीं जोनाथन पोस्टेल यानें पत्र पोंचविण्याचे नियम लिहून काढिले. ते ‘एसएमटीपी’ या नांवानें ओळखले जातात, आणि वेळोवेळीं झालेली दुरुस्ती धरून आजही जगाचें टपाल त्यांवरच चालतें. या नियमांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही कीं घेणारा सहसा जागा असावा. पोस्टमन दाराशीं आला असतां दार उघडलें नाहीं, तर तो पुन्हां येतो. चार-पांच दिवस खेपा घालतो. आणि अखेरीस पत्र पोंचलें नाहीं असें पाठविणाऱ्यास कळवितो. लहान कचेरीस हें दिवसरात्र जागणें झेपत नाहीं. आपल्याकडे वीज जाते. रविवारीं व सुटींत संगणक बंद असतो. इंटरनेटची जोडणी देणारी कंपनी आपणांस जो पत्ता नेमून देते, तोही पुष्कळदां बदलत असतो. म्हणून टपाल घेण्याचें काम अहोरात्र जागणाऱ्या मोठ्या सर्व्हरकडे सोंपवावें आणि आपण सवडीनें तें तेथून आणावें, अशी विभागणी झाली. पोस्टांत भाड्याची पेटी घ्यावी आणि रोज सकाळीं शिपायानें किल्ली घेऊन जाऊन तींतील टपाल आणावें, तसाच हा प्रकार आहे.

ही पेटी उघडण्याच्या रीति दोन. पहिलीस ‘पॉप’ म्हणतात. ती १९८४ सालीं निघाली, तिचें तिसरें रूप १९८८ सालीं ठरलें आणि १९९६ सालीं त्यास आजचा घाट आला. दुसरीस ‘आयमॅप’ म्हणतात. ती स्टॅनफर्ड विद्यापीठांत मार्क क्रिस्पिन यानें १९८६ सालीं सुरू केली. पहिलीचा स्वभाव शिपायाचा: जावें, पेटींतील टपाल पिशवींत भरावें आणि घरीं आणावें. दुसरीचा स्वभाव वाचनालयांतील वाचकाचा: पुस्तकें तेथेंच राहावींत, आपण तेथें बसून वाचावें व खूण करून उठावें. एकच पेटी चौघांनीं चार ठिकाणांहून पाहावयाची असेल, तर दुसरी रीति सोयीची. परंतु दुसऱ्या रीतीनेंही पत्राची प्रत घरीं आणतां येते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

आपल्या देशांत सामान्य माणसास इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ या दिवशीं, विदेश संचार निगमाच्या द्वारें. तेव्हां टेलिफोनच्या तारेवरून जोडणी करावी लागे; ती महाग असे आणि मध्येंच तुटे. अमेरिकेंतही घरगुती जोडण्या त्या काळीं अशाच अधूनमधून चालणाऱ्या होत्या. तेथें एरिक रेमंड या गृहस्थानें १९९६ सालीं, कार्ल हॅरिस याचा ‘पॉपक्लायंट’ नांवाचा प्रोग्रॅम आपल्याकडे घेऊन त्यास ‘फेचमेल’ असें नांव व नवें रूप दिलें. रेमंड याची गरज साधी होती: दूरच्या पेटींत पडलेलें टपाल आपल्या घरच्या संगणकावर आपोआप यावें. ‘फेचमेल’ हा एक जासूदच समजा. सांगितलेल्या वेळानें, म्हणजे दर पांच-दहा मिनिटांनीं, तो दूरच्या पेटीशीं जातो, किल्ली दाखवितो, नवीं पत्रें उचलतो आणि घरच्या सर्व्हरच्या दारांत तीं अशीं देतो कीं जणूं तीं बाहेरून थेट तेथेंच आलीं. मग घरचा सर्व्हर तीं ज्याच्या त्याच्या खणांत टाकतो. हें काम करणारे ‘पोस्टफिक्स’ व ‘डव्हकॉट’ यांसारखे प्रोग्रॅमही विनामूल्य मिळतात, आणि ते कसे लिहिले आहेत तें कोणासही वाचतां येतें.

या जासुदाच्या व्यवहारांतील एक शिस्त आम्हांस फार बोधप्रद वाटते. ‘पॉप’च्या नियमांत पत्र उचलणें व पेटींतून काढून टाकणें, या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. काढून टाकण्याची आज्ञा दिली, तरी पत्र लगेच नष्ट होत नाहीं. त्यावर केवळ खूण होते. सर्व काम आटोपून ‘निघतों’ असा निरोप दिल्यावरच खूण केलेलीं पत्रें जातात. मध्येंच तार तुटली, तर एकही पत्र जात नाहीं. त्याचप्रमाणें घरच्या सर्व्हरनें ‘पत्र मिळालें’ अशी पोंच दिल्यावांचून जासूद तें पत्र काढण्याची आज्ञाच देत नाहीं. याचा परिणाम असा, कीं अडचण आली असतां एखादें पत्र कदाचित् दोनदां येईल, पण गहाळ होणार नाहीं. दोनदां आलेल्या पत्राचा त्रास क्षणाचा. हरवलेल्या पत्राचा कायमचा. पावती हातीं आल्याशिवाय मूळ कागद सोडूं नये, हें आपल्या जुन्या कारकुनांचें व्रतही याहून निराळें नव्हतें.

आतां या मार्गांतील एक खळगा दाखविला पाहिजे. कांहीं कचेऱ्या काटकसरीसाठीं सर्वांची मिळून एकच पेटी घेतात आणि घरच्या सर्व्हरनें ज्याचें पत्र त्यास वांटावें, अशी अपेक्षा करितात. परंतु ई-मेलला दोन पत्ते असतात, एक पाकिटावरचा आणि दुसरा आंतील मायन्यांतला. पोस्टमन पाकीट पाहतो, मायना पाहत नाहीं. मोठा सर्व्हर पत्र पेटींत टाकतो तेव्हां पाकीट बहुधा फेंकून देतो, आणि आपल्या हातीं नुसता मायना उरतो. ज्याला गुप्तपणें प्रत पाठविली त्याचें नांव मायन्यांत नसतेंच. अनेकांस एकदम गेलेल्या पत्रावर मंडळाचें नांव असतें, माणसाचें नसतें. मग घरचा सर्व्हर अंदाज बांधतो, आणि हेडमास्तरांचें पत्र ग्रंथपालांकडे जातें. क्वचित् तें पुन्हां बाहेर पाठविलें जाऊन फेऱ्यांत सांपडतें. यावर उपाय दोन. पाकिटावरचें नांव पत्राच्या माथ्यावर टिपून ठेवण्याची कंपनीस विनंती करावी. किंवा प्रत्येक कामासाठीं निराळी पेटी घ्यावी. आमच्या मतें दुसरा उपाय थोडा खर्चाचा असला, तरी तोच श्रेयस्कर.

कोणी म्हणेल, आणण्याचा खटाटोप कशाला? आलेलें पत्र पुढें दुसऱ्या पत्त्यावर धाड, असें पेटीलाच सांगावें! दिसावयास हें सोपें आहे; पण हल्लीं यांत धोका शिरला आहे. लबाडांची पत्रें ओळखण्यासाठीं मोठे सर्व्हर असें तपासतात, कीं अमुक संस्थेच्या नांवाचें पत्र त्या संस्थेनें नेमलेल्या संगणकाकडूनच आलें आहे कीं नाहीं. पुढें धाडलेलें पत्र मधल्याच संगणकाकडून येतें, म्हणून खरें पत्रही कित्येकदां संशयावरून नाकारलें जातें. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं या तपासण्या अधिक कडक केल्या. आपण स्वतः पेटीशीं जाऊन पत्र आणलें, तर हा प्रश्नच उद्भवत नाहीं.

इतकें यंत्र समजल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊं. टपाल घरीं कां आणावें? पहिलें कारण मालकीचें. पुष्कळ लहान संस्थांत कचेरीचा ई-मेल पत्ता कोणा एका कारकुनाच्या किंवा चिटणिसाच्या नांवानें काढलेला असतो आणि त्याची खातरजमा करणारा आंकडा त्याच्याच मोबाइलवर येतो. तो मनुष्य नोकरी सोडून गेला, त्याचा नंबर बदलला किंवा तो वारला, कीं संस्थेचीं दहा वर्षांचीं पत्रें एका कुलपाआड जातात. यांत कोणाची लबाडी असते असें नाहीं. केवळ व्यवस्था नसते. वीस वर्षांनीं एखादा माजी विद्यार्थी दाखल्यासाठीं आला आणि त्या वेळच्या पत्रव्यवहाराची गरज पडली, तर त्यास काय उत्तर द्यावयाचें?

दुसरें कारण कंपनीच्या मर्जीचें. डिसेंबर २०२३ पासून गूगलनें दोन वर्षें न वापरलेलीं व्यक्तिगत खातीं पुसून टाकण्याचें धोरण अमलांत आणिलें. याहूचे ‘ग्रुप्स’ १५ डिसेंबर २०२० रोजीं कायमचे बंद झाले, आणि त्यापूर्वींच त्यांतील जुना पत्रव्यवहार काढून टाकण्यांत आला होता. कंपनीनें आगाऊ सूचना दिली होती, हें खरें; पण ज्याचें दप्तर घरीं होतें, त्यास ती वाचून धांवाधांव करावी लागली नाहीं. कंपन्यांचा यांत दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. धर्मशाळेच्या मालकानें धर्मशाळेचे नियम बदलावे, हा त्याचा हक्कच आहे. आपलें वडिलार्जित सामान आपण तेथें कायमचें कां ठेवावें, एवढाच प्रश्न आहे.

तिसरें कारण नित्याच्या कामाचें. पावसाळ्यांत झाड पडून तार तुटली, तर नवें पत्र येणार नाहीं हें ठीकच. पण जुनीं पत्रें तरी वाचतां आलीं पाहिजेत. दप्तर घरच्या सर्व्हरवर असेल, तर जोडणी नसतांनाही कचेरीचें काम चालूं शकतें.

आतां दुसरी बाजूही प्रामाणिकपणें पाहिली पाहिजे. मोठ्या कंपनीचा सर्व्हर आगीपासून, चोरीपासून व वीज जाण्यापासून जितका सुरक्षित असतो, तितका आपल्या कचेरींतील कोपऱ्यांतला सर्व्हर असत नाहीं. तेथें रात्रंदिवस जाणते लोक पहारा देतात. येथें एखाद्या शिक्षकास तासिका सांभाळून तें पाहावें लागतें. वर्षानुवर्षें दुरुस्ती न झालेला सर्व्हर म्हणजे कडी नसलेलें दार. म्हणून ज्या कचेरींत हें काम आपलें मानणारीं निदान दोन माणसें नाहींत, तिनें या फंदांत पडूं नये, असें आम्ही स्पष्टपणें म्हणतों. दोन अशासाठीं, कीं एकट्याच्या आजारपणांत किंवा बदलींत दप्तर अनाथ होऊं नये.

जी कचेरी हें काम अंगावर घेईल, तिनें पांच पथ्यें पाळावींत. पहिलें पथ्य किल्लीचें. ‘पॉप’चें ११० क्रमांकाचें जुनें दार पासवर्ड उघड्या अक्षरांत नेऊं शकतें, ९९५ क्रमांकाच्या दारानें तो गुप्त लिपींत जातो. उघड्या रीतीचा त्याग करावा, अशी शिफारस इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या मंडळानें जानेवारी २०१८ मध्यें केलेली आहे. ती शिरोधार्य मानावी. ‘फेचमेल’ची टांचण-फाईल इतरांस वाचतां येत असेल, तर तो जासूद कामास जाण्याचेंच नाकारतो, त्याचा हा बाणेदारपणा आपणही शिकावा. शिवाय २०२२ पासून गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनीं नुसत्या नेहमींच्या पासवर्डावर दार उघडण्याचें बरेचसें बंद केलें आहे. त्यांच्या नव्या परवाना-पद्धतीची माहिती करून घेतल्यावांचून जासूद दारावरूनच परत येतो.

दुसरें पथ्य घाईचें. निराळी आज्ञा न दिल्यास ‘फेचमेल’ दूरची पेटी रिकामी करीत जातो. आरंभीं तरी त्यास ‘मूळ तेथेंच ठेव’ अशी आज्ञा द्यावी, आणि घरच्या दप्तराची खात्री पटल्यावर, कांहीं महिन्यांनीं, मूळ प्रती काढाव्यात. तिसरें पथ्य प्रतींचें. कोणतेंही दप्तर तीन प्रतींत असावें, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत त्या इमारतीच्या बाहेर असावी, असा जाणत्यांचा संकेत आहे. २०१२ सालीं इंग्लंडांत निघालेला ‘रास्पबेरी पाय’ हा पत्त्याच्या पानाएवढा संगणकही लहान कचेरीचें टपाल सांभाळूं शकतो. परंतु त्यांतील स्मृतिपत्ता सतत लिहिण्यानें झिजतो, म्हणून दप्तर त्यावर न ठेवितां निराळ्या डिस्कवर ठेवावें. आणि वर्षांतून दोनदां तरी साठविलेल्या प्रतींतून एखादें पत्र परत काढून पाहावें. जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं, तिचा भरंवसा धरूं नये.

चौथें पथ्य जावकाचें. जासूद आलेलें टपाल आणतो. गेलेलें आणीत नाहीं. बारनिशींत आवक व जावक या दोन्ही बाजू लागतात. अर्ध्या वहीवरून वाद मिटत नाहीं. म्हणून पाठविलेल्या प्रत्येक पत्राची प्रतही घरच्या सर्व्हरवर राहील, अशी तजवीज करावी. पांचवें पथ्य मर्यादेचें, आणि तें पालकांशीं निकट संबंधाचें आहे. शाळेच्या टपालांत मुलांचे जन्मदाखले, आजाराचीं प्रमाणपत्रें, घरच्या अडचणींचीं पत्रें असतात. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या कायद्यानें १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून, त्याची माहिती वापरण्यास पालकांच्या संमतीची अट घातली आहे. टपाल घरीं आणणें म्हणजे ही जबाबदारीही घरीं आणणें होय. कोणीं कोणता खण उघडावा, कोणतें पत्र किती वर्षें ठेवावें, आणि मुदत संपल्यावर तें कसें नष्ट करावें, हें लिहून ठेवलें पाहिजे. सर्वच साठविणें म्हणजे दप्तर नव्हे. तो अडगळीचा माळा होय.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं पुष्कळांस ई-मेल म्हणजे पडद्यावर बोट ठेवलें असतां दिसणारी ओळ एवढेंच ठाऊक असेल. त्या ओळीमागें पाकीट आहे, जासूद आहे, पोंच आहे आणि पेटी आहे. हे सर्व नियम साध्या अक्षरांत लिहिलेले असून कोणासही वाचावयास खुले आहेत. सुटींत जुन्या संगणकावर, आपल्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीनें व आपल्याच खात्यावर, हा प्रयोग करून पाहा. स्वतःच्या हातानें आणलेलें पहिलें पत्र घरच्या खणांत पडलेलें दिसलें, कीं वर्गांत शिकलेल्या दहा व्याख्यांचा अर्थ उमगेल.

आणि पालकहो, आपण ज्या संस्थांचे सभासद आहां, मग ती शाळा असो, पतपेढी असो वा वाचनालय असो, त्यांच्या वार्षिक सभेंत हिशेबाच्या प्रश्नांबरोबर आणखी तीन प्रश्न विचारण्याची चाल पाडा. संस्थेचें टपाल कोणाच्या नांवाच्या पेटींत येतें? त्या पेटीची किल्ली आणखी कोणापाशीं आहे? आणि ती पेटी उद्यां बंद झाली, तर मागील पत्रें आपल्याजवळ आहेत काय? तिजोरीची किल्ली कोणाजवळ आहे, असें विचारण्यास आपणांस संकोच वाटत नाहीं. पत्रांच्या किल्लीविषयीं तो कां वाटावा? या तीन प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें ज्या सभेंत मिळतील, त्या संस्थेच्या दप्तराची काळजी करण्याचें कारण नाहीं. जेथें मिळणार नाहींत, तेथें उत्तर तयार करण्यास पुढील सभेपर्यंत एक वर्षाचा अवधि आहे, आणि या कामास तेवढा पुष्कळ झाला.